उतारावरच्या तुकड्याची परीक्षा

३ मार्च

दादा हो म्हणाला! तोंड वाकडं करून का होईना, पण म्हणाला. उतारावरचा तुकडा यंदा माझा. नांगर नाही, तणनाशकही नाही.

‘आणि तण माजलं की?’

‘तेव्हा बघू.’

‘तेव्हा मी फवारणार. मग हुज्जत घालायची नाही.’

कबूल केलं. करते काय!

४ मार्च

वडील नांगरायचे तेव्हा त्या उतारावरची माती दरवर्षी ओढ्यात जायची. दादाने नांगर बंद केला, माती थांबली. आता ढेकूळ फोडलं की गांडुळं निघतात. हे श्रेय त्याचंच, कोण नाही म्हणतंय? पण नांगराच्या जागी औषध आलं. पूर्वी एका फवारणीत जळणारं तण आता दोनदा मारूनही टवटवीत. आणि फवारलं की दादाचे डोळे दोन दिवस लाल. विचारलं तर म्हणे धूळ गेली. मला काळजी वाटते त्याची. तोंडावर बोलायची सोय नाही.

१९ मार्च

वेल्डरने रूळ आणून दिला. जाड पाइपावर बोथट पाती. तुकड्यावर मी थंडीतच पेरून ठेवलेला ओट कापायचा नाही, फक्त आडवा करून देठ मोडायचे. तो जागीच वाळला की त्याची गादी होते, खालच्या तणाला ऊन मिळत नाही. वहिनी रूळ बघून म्हणाली, ‘एवढं मोठं लाटणं? जेवायला कोण येणार आहे?’

२८ मार्च

शेजाऱ्यांच्या पेरण्या सुरू झाल्या. राहवलं नाही. रूळ फिरवला. रान कसं सपाट दिसतंय!

३१ मार्च

उठला! सगळा ओट पुन्हा ताठ उभा. घाई नडली. दाणा चिमटीत दाबल्यावर दूध यायला हवं, तेव्हाच तो मोडतो, हे मला चांगलं माहीत होतं. दादा बघून आपल्या कामाला लागला. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

६ एप्रिल

दूध नाही.

१७ एप्रिल

दूध आलं! रूळ फिरवला, मागोमाग गादी चिरत सोयाबीन पेरलं. ट्रॅक्टर दादाने चालवला. ‘तुझ्या ओळी वाकड्या येतात,’ म्हणाला. येतात खऱ्या.

५ मे

गादीतून कोंब वर आलेत. खाली हात घातला, माती गार आणि ओलसर. तण इथे एखादं, तिथे एखादं. दादाच्या मोठ्या रानात फवारूनही जास्त आहे. ही खुशी माझ्या चेहऱ्यावर दिसली असावी, कारण वहिनीने जेवताना टेबलाखालून पाय मारला.

२६ मे

खालच्या कोपऱ्यात हरळी. रूळ तिचं काय वाकडं करणार? मुळं खोल गेलेली. दोनदा खुरपलं, दोनदा वर आली. पसरतेय. दादा बांधावरून बघून गेला.

रडले आज, खोटं कशाला लिहू. बाकी सगळं रान कसं छान आलंय, आणि एका कोपऱ्याने पाणी पाजलं. शब्द दिलाय, तो पाळायला हवा. उद्या पंप मीच पाठीवर घेणार. फवारायचंच आहे तर माझ्या हातून होऊ दे. दादाचे डोळे तरी वाचतील.

२७ मे

पंप घेऊन पोचले तर दादा आधीच कोपऱ्यात. हातात कुदळ, अंगावर माती, निम्मी हरळी मुळासकट उपसून बांधावर वाळत टाकलेली.

‘उतरव ते. एवढ्याशा जागेसाठी?’

मग पुन्हा खणायला वाकला, आणि माझ्याकडे न बघता — ‘मोठ्या रानाला ओटाचं बी किती लागेल गं?’