राखेतून काढलेली मेणाची लेखणी

आई,

शाळेतल्या त्या मोठ्या बाई भेकड आहेत. ईस्टर बंद करा, सरकारचा हुकूम आहे, असं आपल्यासारख्यांना तोंडावर सांगायची छाती नाही, म्हणून पहिलीतल्या पोरांची नखं तपासतात. काल आपल्या मारीचकाची बोटं ईस्टरची अंडी रंगवायच्या कांद्याच्या सालीने पिवळी सापडली. पुढचं तिने मला आज वेणी घालताना सांगितलं.

"अंडी रंगवायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही बाई, मी कांदे सोलत होते."

"एवढे कांदे?"

"आमची आजी फार खाते."

बघा, तुम्हाला वाचवायला तुम्हालाच खादाड केलं! आणि तुम्ही घाबरून अंड्यावर मेणाच्या रेघा काढायची लेखणी चुलीत टाकलीत. दांडा जळला, पण पितळी टोक मी राखेतून काढलं, नवा दांडा बसवला. लेखणी खिडकीत आहे.

अंड्यावर अजमोद्याचं पान ठेवून जुन्या मोज्यात बांधायचं, कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकळून सोडलं की पान पांढरं उमटतं, हे तिला तुम्हीच दाखवलंत. तिची मेणाची रेघ घसरली तेव्हा म्हणालात, "रडतेस काय? शेपूट काढ, मासा होईल." झालाच मासा! असं शिकवणारं माणूस त्या अख्ख्या शाळेत नाही.

बीटाचं बोर्श सूप चुलीवर आहे. मी सामूहिक गोठ्यावर जाते, सहाला येईन. ईस्टर परवावर आलाय आणि सहा अंडी कोरी आहेत. सोमवारी माझी दहाही बोटं पिवळी करून मीच तिला शाळेत सोडणार आहे.

आज ती आल्यावर तिच्याजवळ बसणार की नाही? याच कागदामागे लिहून ठेवा.

स्लावका