खुराड्याचं दार

प्रिय सुमन,

प्रिय लिहिलं म्हणून हसू नको. जिती होतीस तेव्हा 'ए सुमे' याच्यापुढं मी कधी गेले नाय. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, लावून वाच. आजच लिहिते, कारण अंगणात तुझा नवरा दिलप्या मका काढायचं मशीन रिकामं फिरवून बघतोय. व्हय, तेच. तू गेल्यापासून ताडपत्रीखाली होतं. उद्या त्यात मका पडणार.

आणि मका टाकायला उभी राहणार काजल. धाकट्याची बायको, तुझी जाऊ. तू तिला पाहिलं नाहीस, सहा महिने झाले येऊन. तिचा पदर डोक्यावर टिकत नाय, सारखा घसरतो. सकाळपासून मी तेवढंच बघतेय.

तुझी पल्लवी आलीय शहरातून. नर्सिंग शिकते, उस्मानपुऱ्यात खोली करून राहते. शेतातल्या मशीननं माणसं कशी जायबंदी होतात आणि ते कसं टाळायचं, यावर तिचं संशोधन चाललंय म्हणे. फॉर्म घेऊन सगळं देवगाव पालथं घातलं. कुणाचं बोट, कुणाचं मनगट, लिहून आणलं. आपलं घर शेवटी ठेवलं होतं पोरीनं.

काल माझ्यासमोर बसली. "आजी, आईचा अपघात कशानं झाला?"

"नशिबानं. लिही."

"नशिबाचा रकाना नाय यात."

तोंडाळ आहे. तुझ्यावर नाय, माझ्यावर गेलीय. मग उठून कोंबड्यांच्या खुराड्यापाशी गेली. दाराच्या पत्र्याला चार भोकं आहेत ना, त्यातल्या एकात बोट घालून म्हणाली, "आजी, हे मशीनच्या पट्ट्यावरचं झाकण आहे ना?"

काय सांगू? पट्टा सारखा उतरायचा, दर वेळी चार बोल्ट कोण खोलणार, म्हणून दिलप्यानं झाकण काढलं. 'उद्या बसवतो' म्हणाला. मी म्हटलं, चांगला पत्रा आहे, खुराड्याला होईल. तू गेलीस तरी ते दार तसंच! रोज मीच उघडते, मीच लावते.

पण सुमन, तिनं पुढचं विचारलं. "आईचा पदर सैल का होता?"

तू पदर कमरेला घट्ट खोचूनच कामाला लागायचीस. त्या दिवशीही खोचला होतास. बांधावर तुझे चुलत सासरे आले आणि मी ओरडले, "डोक्यावर पदर घे, लाज सोडलीस का?" तू हात झटकलेस, माझ्याकडं एकदा बघितलंस, आणि पदर सोडलास. तो पट्ट्यात ओढला गेला. पुढचं तुला ठाऊक. तेवढं ऐकायची काय गरज होती गं? बाकी कशात ऐकत होतीस माझं? भाजीतल्या मिठातसुद्धा तुझंच खरं करायचीस!

आणि मी पोरीला काय सांगितलं? "तुझी आई धांदरट होती. तिचीच चूक." तिनं मान खाली घालून तसंच लिहिलं. तुझ्या लेकीच्या हातानं मी तुझ्यावर आळ घेतला. तो कागद आता कॉलेजात जाईल.

मघाशी पत्रा उचकटला आणि दिलप्यापुढं टाकला. "बसव."

"बोल्ट गंजलेत, आई. उद्या बघू."

ऐकलंस? तोच शब्द! आणि मागं काजल उभी, पदर सावरत.

मला रडता येत नाय, तुला माहीत आहे. शब्द देते तेवढा घे. हे पान संपलं की पल्लवीला बोलावते, 'तिचीच चूक' लिहिलंय ते खोडायला लावते, तिथं माझं नाव घालायला लावते. झाकण न बसवता मशीन सुरू केलं, तर आधी मी पट्ट्यापुढं बसेन. काजलचा पदर माझ्या हातानं कमरेला बांधीन, सगळ्यांदेखत. बांधावर कोणीही उभा असो.

खुराडं आज उघडंच राहील. मुंगूस येईल, कोंबड्या नेईल. नेऊ दे.

तुझी सासू,
गयाबाई