लातूरच्या फायनलला मी का आलो नाही

सर, मागच्या आठवड्यात आम्ही अकरा जण एकाच विमानानं घरी आलो. शारजा, दुबई, अजमान अशा तीन शहरांत विखुरलेली कंधारची माणसं. कुणी माझ्यासारखा एसी दुरुस्त करणारा, कुणी शिंपी, कुणी हॉटेलात दिवसभर कांदे चिरणारा, आणि सगळ्यांच्या अंगात क्लबची पिवळी जर्सी. हवाईसुंदरीनं विचारलं, कुठली टीम? तर आमच्यातला सगळ्यात वडीलधारा, तो शिंपी, छाती फुगवून म्हणाला, "कंधार." जसं काही साऱ्या जगाला ठाऊकच आहे. ती बिचारी हसली आणि पाणी देऊन पुढं गेली. सर, आपला क्लब लातूरला फायनल जिंकला. तीच स्पर्धा, तेच मैदान. शारजातल्या एका खोलीत आम्ही एका फोनभोवती डोकी लावून तो सामना बघितला आणि शेवटची शिट्टी झाली तेव्हा शिंपी खाटेवरून खाली पडला. गावानं सत्काराची तारीखसुद्धा आमच्या सुट्ट्या बघून ठरवली. विमानात सगळे लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते. मी मात्र जर्सीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता आणि गळ्यापर्यंत बटणं लावली होती.

कारण तुम्हाला जे सांगितलं होतं ते खोटं होतं. बावीस वर्षांपूर्वी त्याच फायनलच्या दिवशी मी आलो नाही, आणि नंतर कळवलं की एजंटचा अचानक निरोप आला, त्याच पावली मुंबई गाठावी लागली. माझं विमान तीन दिवसांनी होतं. सामना खेळून, घरी जेवून, तुमच्या पाया पडून मला आरामात जाता आलं असतं. मी घाबरलो होतो, सर. आदल्या वर्षी लातूरच्या त्या सेंटर फॉरवर्डचा गुडघा माझ्या बरगडीत बसला होता आणि दीड महिना मला कुशीवर वळता येत नव्हतं. पुन्हा तोच समोर येणार होता. सरावात मी गोलच्या रेषेला चिकटून उभा राहायला लागलो होतो. तुम्ही ते बरोबर हेरलंत. सगळ्यांसमोर ओरडलात, "रेषेवर उभा राहून काय देवाचा धावा करून राहिला? पुढं ये! पुढं आलास की त्याला गोल ल्हान दिसतो." मी पुढं आलो, पण तुमची पाठ वळेपर्यंतच.

त्या दिवशी सकाळी आपल्या लेफ्ट बॅकला मी म्हणालो, "तुम्ही जीपनं पुढं व्हा, मी आईला दवाखान्यात दाखवून एसटीनं येतो." तो म्हणाला, "बिनधास्त ये, मी सांगतो सरांना." जीप लातूरकडं गेली आणि मी नांदेडच्या गाडीत बसलो. मामाच्या घरी पोहोचलो, मामीनं जेवायला वाढलं. चार वाजता सामना सुरू होणार होता आणि चार वाजता मी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाठ करून मामाच्या पोराला पाढे विचारत होतो. माझ्या पिशवीत तुम्ही दिलेले हातमोजे होते. वेल्डिंगच्या दुकानातून जुने चामडी मोजे आणून, तळव्याला सायकलच्या ट्यूबचं रबर तुम्ही स्वतः शिवलं होतंत. ते का घेऊन आलो, हे मला आजही सांगता येत नाही.

मैदानावर काय झालं ते मला पुढं वर्षभरानं कळलं. तुमची हजेरी घ्यायची पद्धत होती, वर्गात घेता तशीच. सामन्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून नावं पुकारायचात, आणि जो नसेल, मग तो तापानं पडलेला असो, लग्नाला गेलेला असो नाहीतर पार सौदीत असो, त्याच्या नावाला कुणीतरी "येतोय सर" म्हणायचं. गैरहजर हा शब्द आपल्या क्लबात नव्हता. लातूरला तुम्ही माझं नाव पुकारलंत आणि लेफ्ट बॅक म्हणाला, "येतोय सर." तो रिवाज म्हणूनही म्हणाला आणि खरं म्हणूनही म्हणाला. तुम्ही विचारलंत, "कुठवर आला?" तो म्हणाला, "लोहा ओलांडला असंल." त्याच्या शब्दावर तुम्ही गोल माझ्यासाठी राखून ठेवलात. दुसरा कीपर यादीत घेतला नाहीत, त्या जागी एक फॉरवर्ड जास्तीचा घेतलात. शिट्टी व्हायची वेळ आली तेव्हा रेफ्री थांबेना, आणि ज्यानं शब्द दिला होता तोच, "मी उभा राहतो सर," म्हणून उघड्या हातांनी गोलमध्ये गेला. जन्मात कधी कीपर नव्हता तो. चार गोल झाले. परतीच्या जीपमध्येच कुणीतरी त्याला चाळणी म्हटलं, आणि गावाला नाव आवडलं.

तेव्हापासून तो चाळणी आहे, सर. पानटपरीवर चाळणी, लग्नपत्रिकेच्या वाटपात चाळणी, त्याच्या पोराला शाळेत चाळणीचा. तुम्ही गेल्यावर क्लब त्यानंच सांभाळला. पंचायत समितीत शिपायाची नोकरी करत रोज सकाळ-संध्याकाळ किल्ल्याच्या बाजूच्या मैदानावर पोरं पळवली आणि यंदा कप आणला. आता ती पोरंही त्याला चाळणी सर म्हणतात, अगदी प्रेमानं. त्याला खरं काय ते सांगायचं, तोंडावर सांगायचं, असं मी ठरवून निघालो होतो. गेल्या बावीस वर्षांत आठ-नऊ वेळा सुट्टीवर आलो, दर वेळी ठरवून आलो आणि दर वेळी तो गावाला गेलेला असताना त्याच्या घरी जाऊन आलो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

हैदराबादला विमानतळाच्या बाहेर तो स्वतः गाडी घेऊन उभा. केस पांढरे, गळ्यात शिट्टी. आमची पोरं लांबूनच ओरडली, "चाळणीऽ!" तो हसत हात हलवत होता. मला बघितलं तसा पुढं आला, कडकडून भेटला आणि म्हणाला, "तू म्होरं बस माज्याजवळ. लई बोलायचं हाय." चोराच्या मनात चांदणं. माझे पाय जागीच थांबले. शिंप्यानं मागून ढकललं, "चलो भाई, बैठो जल्दी, घरी बिर्याणी वाट बघून राहिली," तेव्हा कुठं मी बसलो. मागं गाणी सुरू झाली. पुढं तो एका हातानं स्टिअरिंग धरून बोलत होता आणि मी त्याच्या दुसऱ्या हाताकडं बघत होतो. करंगळी वाकडी आहे. त्याच सामन्यात मोडली होती, हे मला त्यानंच तेव्हा सांगितलं, गंमत म्हणून.

"पोरांना तुजीच गोष्ट सांगत असतो मी," तो म्हणाला.

"माझी? काय सांगतो?"

"हेच की आपल्याकडं येक कीपर व्हता, जिल्ह्यात तसा न्हवता. पण नशीब बघा, ऐन फायनलला व्हिसा आला. घरासाठी गेला बिचारा."

सर, मी खिडकीची काच खाली केली. एसी चालू होता तरी केली. देगलूरला चहाला थांबलो तेव्हा बाकीचे गाडीत आणलेला फायनलचा कप घेऊन फोटो काढायला गेले आणि आम्ही दोघंच बाकावर उरलो. मी म्हणालो, "त्या फायनलचं तुला एक सांगायचं राहिलंय." त्याचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "आज न्हाई," तो म्हणाला. "आज पोरांचा दिस हाय. उद्या सकाळी सहाला ग्राउंडवर ये. जे बोलायचं ते पोरांसमोर बोल." मुखेड गेलं, कंधार आलं, पण तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मागं दहा जणांचा गोंधळ चालूच होता.

सत्कार मोठा झाला. बसस्टँडपासून हलगी, गुलाल, पोरं ट्रॅक्टरवर उभी. तुमच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. निवेदकानं माईकवर आवाज चढवून म्हटलं, "आणि आता येत आहेत आपल्या सर्वांचे लाडके चाळणी सर!" सगळं मैदान हसलं. तोही हसला, हात जोडले, आणि हात जोडताना त्यानं माझ्याकडं बघितलं. बाई हसल्या नाहीत. मग परदेशात राहूनही मातीला न विसरलेले म्हणून आम्हा अकरा जणांना शाल आणि नारळ. माझ्या खांद्यावर शाल त्यानंच घातली. मला तेव्हाच माईक हिसकावून घ्यावासा वाटला. मी नारळ सांभाळत खाली उतरलो.

दुसऱ्या दिवशी सहाला गेलो. पोरं रांगेत बसली होती, सोळा-सतरा वर्षांची, कालचा गुलाल अजून कानामागं. तो उभा होता, हाताची घडी घालून. मी सांगितलं. विमान तीन दिवसांनी होतं, मी नांदेडला मामाकडं बसलो होतो, सर माझ्यामुळं फसले आणि चाळणी हे नाव खरं म्हणजे माझं आहे. एक पोरगा बुटाची नाडी अर्धवट धरून तसाच बसला. मग अगदी हळू आवाजात लेफ्ट बॅकनं विचारलं, "तीन दिस व्हते, तर मग गेलास कशापायी?"

सर, इथपर्यंत मी बरोबर आलो होतो. एकच शब्द उरला होता. समोर पंधरा पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती, त्यांच्यात एक कीपर होता, हातात मोजे घातलेला. आणि मी म्हणालो, "एजंट म्हणाला होता, दोन दिवस आधी येऊन बसला नाहीस तर जागा दुसऱ्याला देईन. घरात सात तोंडं खाणारी. सांगितलं असतं तर सरांनी सोडलं नसतं." कुठल्याच एजंटनं असं म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी कधी रचून ठेवलं नव्हतं, ते आपोआप आलं, आणि ते किती नीट बसतंय हे बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं.

त्यानं हाताची घडी सोडली. तोंडावरून हात फिरवला. डोळे ओले होते त्याचे. "येवढंच व्हय," तो म्हणाला. "अरे, मला काय वाटायचं सांगू? मला वाटायचं, तू त्या लातूरच्या पोराला भ्यालास. बावीस वर्सं मनात व्हतं, कुणाजवळ बोललो न्हाई. माज्या कीपरबद्दल असं मनात आणतो म्हणून माजीच मला लाज वाटायची. घरासाठी गेलास, त्यात तुजी काय चूक? मी बी गेलो असतो." मग पोरांकडं वळून म्हणाला, "ऐकलं न्हाई का? चला, उठा, चार चकरा मारा." पोरं पळायला लागली आणि त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. मी मान डोलावली.

तुम्हाला माहीत होतं का, सर? पहिल्या सुट्टीत तुमच्या घरी आलो तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात. मी तोंड उघडायच्या आत बाईंना म्हणालात, "याला आधी वाढा." फायनलचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही काढला नाही. बाई भाकरी वाढत राहिल्या आणि तुम्ही माझ्या ताटाकडं बघत राहिलात. तुम्ही विचारलं असतं तर मी खरं बोललो असतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता ते सांगता येणार नाही, कारण त्या सकाळी मैदानावर मला सरळ विचारलं गेलं होतं.

हे नांदेडला, विष्णुपुरीच्या आमच्या घरी बसून लिहितोय. लेक कॉलेजला गेलीय. परवा परत जायचं आहे. जाताना कंधारला थांबून हे पत्र तुमच्या फोटोमागं सरकवून द्यावं असं लिहायला बसताना डोक्यात होतं. पण बाई रोज तो फोटो पुसतात, त्यांना ते सापडणार, आणि वाचलं की त्या तडक त्याच्या घरी जाऊन सांगणार. म्हणून ते देणार नाही. आणि एक सांगतो, सर. मैदानावरून तो मला हात धरून घरी घेऊन गेला, त्याच्या बायकोनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. घास उतरणार नाही असं वाटलं होतं. मी दोनदा मागून घेतला.