केळीच्या चिकाचा डाग

आई,

तुला आणि नानांना जयभीम. मी धुळ्यात ठीक आहे, वेळेवर जेवतो. फोनवर तू मध्येच रडायला लागतेस, म्हणून लिहितोय.

तू पिशवीत पांढऱ्या शर्टावर केळीची हिरवी फणी ठेवली होतीस. तिचा चीक खिशावर उतरला. मी दोनदा धुतला, डाग आणखीच काळा झाला.

मेडिकल कॉलेजच्या नोकरीच्या मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं, पुरुष उमेदवारांनी कोट-टाय घालून, फाइल घेऊन यावं. खोलीतला रोनक स्वतःचा कोट देत म्हणाला, "डाग झाकला जाईल." झाकायला ती काय चोरी आहे? मी टाय बांधला, फाइल घेतली आणि कोट परत केला.

मुलाखतीत मोठे साहेब म्हणाले, "डॉक्टर, आरशात बघून निघता की नाही?"

मी म्हणालो, "बघूनच निघालो, सर. हा केळीचा चीक आहे, निघत नाही. माझे वडील पंचवीस वर्षं असोद्याच्या बागांत केळी कापतात, त्यांच्या प्रत्येक शर्टावर आहे. उद्या अशीच माणसं तुमच्या ओपीडीत येतील. त्यांनाही कोट घालून या म्हणायचं का?"

मग त्यांनी प्रमाणपत्रं मागितली. मी फाइल उघडून एकेक त्यांच्यापुढे ठेवलं.

निकाल सोमवारी आहे. नानांचा खोकला कमी झाला का? धाकट्या प्राचीचा पेपर कसा गेला?

नवा शर्ट घेऊ नकोस. पुढची मुलाखत द्यावी लागली तर हाच घालीन. आणि केळी पुन्हा पाठव. शर्टावरच ठेव.

तुझा
प्रशील