कॉन्वीला कोण जाणार

३ मे १९६८, शुक्रवार. देरा, दुबई

यांची रजा मंजूर झाली! जुलैचा अख्खा महिना. यंदा हर्णैला जायचं नाही. वेल्सला जायचं — कॉन्वीला, गनीकडे. माझा सख्खा भाऊ. बोटीवर खलाशी होता, तिकडे उतरला तो तिकडचाच झाला, ग्वेनशी लग्न केलं. अब्बांनी घरात त्याचं नाव घ्यायला बंदी केली. अब्बा गेले, अम्मा आमच्याकडे राहायला आली. पण बंदी तशीच. तिला कसं सांगू?

७ मे

सांगितलं नाही.

१० मे

यांच्या साहेबांची बायको, मिसेस पॅरी, त्याच बाजूची. तिने फोटोंचं पुस्तक दिलंय. जुना किल्ला, गावाभोवती तट, खाली धक्का, ओहोटीला चिखलात कलंडलेल्या होड्या. गनी रोज याच तटाखालून जात असेल. पुस्तक उघडते, मिटते, परत उघडते. आज डाळ करपली.

११ मे

अम्माने पुस्तक पाहिलं. कुठलं गाव, म्हणाली. सांगून टाकलं — गनीचं. ती उठून आत गेली. संध्याकाळी भाकरी थापताना मात्र विचारलं, किल्ला पाण्यात आहे का, आपल्या सुवर्णदुर्गासारखा? नाही, काठावर आहे. मग कसला किल्ला, म्हणाली. बस, तेवढंच.

१९ मे

हनीफभाई आले होते. गनीचे बोटीवरचे जुने दोस्त, आता त्यांची बोट इथे लागलीय. त्याला भेटून आलेत. धक्क्यावर माल उतरवताना गनीचा पाय चेंगरला, काठी घेऊन चालतो. आम्हाला त्याने कळवलंच नाही! अम्मा पडद्याआड बसून ऐकत होती. आतूनच तिने विचारलं, "कुठला पाय?"

डावा, हनीफभाई म्हणाले.



२ जून

खलास. रजा रद्द. नव्या बंदराचं काम, साहेब कुणालाच सोडत नाही. हे म्हणाले, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला. भरलेली बॅग मी रिकामी केली. मग पुन्हा भरली. घरात पाय ठरत नाही. एकटीने जाऊ का?

५ जून

अम्मा दुपारी गायब! खाडीवर शोधून आले, बाजारात शोधलं. संध्याकाळी आली ती अब्रातून, खाडीतल्या होडीतून, पलीकडून, घामाने भिजलेली. मिसेस पॅरीकडे गेली होती. बाई जुलैत वेल्सला माहेरी जातेय. अम्माला ना इंग्रजी, ना तिला आपली बोली. फोटोवर बोट ठेवून, हाताने खुणा करून विचारलं म्हणे, मला सोबत नेशील का? ती हो म्हणाली!

मी म्हटलं, मीपण येते.

"तू नको, शहनाझ. तुझ्यासमोर मला त्याच्याशी बोलता येणार नाही."

माझी सहल होती ती. रागच आला.

३ जुलै

अम्मा विमानात बसली. मिसेस पॅरीने तिचा हात धरला होता. शिडीवर एकदाही मागे पाहिलं नाही.

११ जुलै

काही कळलं नाही. पोचली एवढीच तार. दोघं बोलली असतील का? की नुसतीच समोरासमोर बसलीत?

२० जुलै

गनीची तार. अम्मा परत येणार नाही, तिचे कपडे बोटीने पाठव.