लांबच्या खांबापाशी

६ मे, सोमवार
याक्शा गेला. त्याच्या भावाने, फ्रानेने, फोनवर सांगितलं. बाजारातल्या फलकावर फोटोसकट निधनाचा कागदही लागलाय.
सत्तावीस वर्षांपूर्वी, शेवटच्या मिनिटाच्या कॉर्नरला, समोरच्या टीमच्या याक्शाला धरायचं, मोकळं सोडायचं नाही, हे काम माझं होतं. मी बॉल बघत राहिलो. गोलच्या लांबच्या खांबापाशी त्याचा हेडर, आणि आमचा क्लब खालच्या लीगमध्ये.
असो. विषय संपला. उरलेल्या चार मॅच मोकळ्या डोक्याने. क्लब लीगमध्ये टिकला तरच कोच म्हणून ठेवीन, असं अध्यक्ष गर्गो म्हणालाय. टिकवतोच.

७ मे
दफनाला गेलो. फ्राने म्हणाला, व्हिन्को, तो तुझं नाव कायम काढायचा रे. एवढ्या मोठ्या मनाचा डिफेंडर पुन्हा भेटला नाही म्हणायचा.

९ मे
प्रॅक्टिस. कॉर्नरला लांबच्या खांबापाशी दोघं उभे केले. त्यातला दुये म्हणाला, कोच, धरू कोणाला? इथे कुत्रंसुद्धा नाहीये. आजकालच्या पोरांना बेसिक कळत नाही. याक्शाचा संबंध नाही.

१२ मे, रविवार
०–१. कॉर्नर. जवळच्या खांबापाशी त्यांचा माणूस मोकळा. वारा फार होता.

१५ मे
जेवताना बायको, नेवेन्का, म्हणाली, डावपेचांच्या बोर्डावर समोरच्यांचे बारा चुंबक का? मोजले. बाराच. दुकानदाराने जास्त दिले असणार. मग म्हणाली, अहो, मागे काय बघताय सारखं? मासे गार झाले.

१९ मे, रविवार
१–३. तिन्ही गोल कॉर्नरवर. पण लांबच्या खांबापाशी एकही नाही! योजना चालतेय.

२६ मे, रविवार
८८ मिनिटांपर्यंत ०–०. कॉर्नर. दुये खांब सोडून बॉलकडे धावला. त्याच्या पाठीमागून एकजण शांतपणे आत येताना मी स्पष्ट पाहिला. ओरडलो, मागे फिर! दुये फिरला. गोल जवळच्या खांबापाशी.
ड्रेसिंग रूममध्ये दुयेने बूट आपटला. मागे होतं कोण, सांगा ना!
सांगितलं. याक्शा. अंघोळ न करताच सगळे घरी गेले.

२७ मे
गर्गोने कॅफेत बोलावलं. म्हणाला, व्हिन्को, हरणं समजू शकतो रे, पण पोरं मैदानावर यायला घाबरतात. उद्यापासून नवा कोच. रविवारची शेवटची मॅच जिंकलो तर अजूनही टिकू.
नवा कोच लांबच्या खांबावरची दोन्ही पोरं काढणार, असं ऐकतो. अडाणी.
रविवारी पाचला किकऑफ. मी साडेचारलाच त्या खांबामागे जाळीला धरून उभा राहीन. तोही लवकर येतो.