काळजाचा हललेला फोटो

नांदेड, गुरुवार

ती. तारूअक्कास सुकन्याचे शरणु शरणार्थी.

तुझे गुडघे काय म्हणतात? मुरुडात सगळे खुशाल असतील. भाऊजी अजून चहात चोरून साखर घालतात का? मी ठीक आहे, म्हणजे पत्र लिहिण्याइतकी.

जिना चढताना छातीत दाटून येई, म्हणून डॉक्टरांनी काळजाचं सी.टी. स्कॅन सांगितलं. काळीज संथ चाललं तरच फोटो स्वच्छ येतो म्हणे. धावलं की रक्तवाहिन्यांच्या कडा दुहेरी दिसतात, मग अडथळा आहे की नाही ते कुणालाच कळत नाही. (शाळेच्या फोटोत तू हललीस आणि दोन नाकांची निघालीस, तसंच.) ठोके उतरायची गोळी दिली. ती लागू पडतेय तोवर यंत्रावरचा रविकिरण म्हणाला, "मावशी, गळ्यातली चांदीची पेटी काढा." अक्का, त्यात आपलं इष्टलिंग! अव्वानं बांधल्यापासून ते अंगावेगळं झालेलं नाही, ती गेली त्या दिवशीही नाही. (कॉन्व्हेंटच्या गणवेशाखालीसुद्धा नाही.) सूनबाई स्वप्नालीनं ते प्रेमानं घेतलं आणि पर्समध्ये टाकलं, गाडीची किल्ली आणि अर्ध्या खाल्लेल्या वेफर्सशेजारी. माझ्या काळजानं धूम ठोकली. त्यात यंत्रातली ध्वनिमुद्रित बाई दरडावली, "श्वास रोखा!"

"मावशी, काळीज लई पळून राहिलंय. फोटो हलला," रविकिरण म्हणाला. त्यानं पडदा दाखवला. एका काळजामागे दुसरं, जरासं सरकून. दारामागून कुणी डोकावावं तसं.

मी हट्टच धरला, तेव्हा पेटीतून काढलेलं लिंग माझ्या डाव्या मुठीत आलं. बाईला बंद करतो, मीच माइकवर सांगतो, असं त्यानं कबूल केलं. हात डोक्यावर घेऊन मी पुन्हा त्या थंड कड्यात सरकले. लिंग गार असायला हवं होतं. ते उबदार होतं, नुकतंच कुणाच्या तळव्यावरून उचलल्यासारखं. मग अगदी कानाशी आवाज आला, "उसिरु हिडी, सुकू. श्वास धर. हलू नको." पूजेला बसवताना अव्वा म्हणायची तसाच, मिश्रीच्या वासासकट. मी श्वास धरला आणि काळीज गढूळ पाणी निवळावं तसं निवळत गेलं.

बाहेर आल्यावर रविकिरणला म्हटलं, तुझं कानडी छान आहे की.

"मी किनवटचा, मावशी. मला कुठलं कानडी? अन् माइक तर चालूच झाला न्हाई. मी सांगायच्या आधीच तुम्ही श्वास धरला."

फोटो आरशासारखा आला. काळीज एकच. मागं कुणी नव्हतं, आणि मला उगाच एकटं वाटलं.

तुझी,
सुकू

ता.क. स्वच्छ फोटोत अडथळाही स्वच्छ दिसला. सोमवारी स्टेंट घालणार. लिंग पुन्हा काढावं लागेल, आणि ते पर्समध्ये जायला नको. तू ये आणि हातात धरून बस.

आणखी एक ता.क. अव्वा जाता जाता म्हणाली, "तारूला बोलव." एवढं मात्र मी रचलेलं आहे. बाकीचं नाही.